लोक वान थो : एका यजमानाचे मुक्काम

पाया लेबारच्या काचेच्या मनोऱ्यांत काम करणाऱ्यांना अधूनमधून लढाऊ विमानांचा आवाज ऐकू येतो. थोडे उत्तरेला असलेला तो तळ आज सिंगापूरच्या हवाई दलाकडे आहे. परंतु २० ऑगस्ट १९५५ पासून १९८१ मध्ये चांगी सुरू होईपर्यंत जगातून सिंगापूरला येणारा प्रवासी याच धावपट्टीवर उतरत असे. कॅलांगचा जुना विमानतळ शहराला खेटून होता आणि त्याची धावपट्टी मोठ्या विमानांना अपुरी पडू लागली होती. पाया लेबार त्या मानाने दूर, पूर्वीच्या दलदलीत आणि नारळी-रबराच्या मळ्यांत वसलेले. येथे उतरलेला सधन पाहुणा मोटारीने शहरात जाई आणि रॅफल्स, गुडवुड पार्क किंवा कॅथे यांपैकी एखाद्या हॉटेलात उतरे. कॅथेत उतरणाऱ्या पाहुण्याला सहसा ठाऊक नसे की ज्या मलायन एअरवेजच्या विमानाने आपण क्वालालंपूरहून किंवा पेनांगहून आलो, तिचे अध्यक्ष आणि या हॉटेलचे मालक एकच आहेत. आणि ते गृहस्थ या घटकेला आपल्या वातानुकूलित दालनात नसून एखाद्या झाडावरील मचाणात, डासांच्या संगतीत, कॅमेरा लावून बसलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

त्यांचे नाव लोक वान थो. मराठी वाचकाला हे आडनाव हमखास चकवते, कारण आपल्याकडे लोक म्हणजे पुष्कळ माणसे. चिनी रीतीने मात्र ते घराण्याचे नाव असून आरंभी येते. सिंगापूर-मलेशियात हे नाव आजही रस्त्यांवर, शाळांच्या इतिहासात आणि चित्रपटांच्या संग्रहालयांत भेटते. मुंबईशी त्यांचे जे नाते होते ते मात्र परदेशस्थ मराठी मंडळींना फारसे परिचित नाही.

वान थो यांचा जन्म १४ जून १९१५ रोजी क्वालालंपूर येथे झाला. वडील लोक यू दक्षिण चीनमधून कोवळ्या वयात सिंगापूरला आले, दुकानात नोकरी करून त्यांनी पैसा साठवला, पुढे कथिलाच्या खाणींत नशीब काढले आणि मलायातील सर्वांत श्रीमंत माणसांत त्यांची गणना होऊ लागली. क्वालालंपूरच्या व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत त्यांचा हात होता आणि हाँगकाँग विद्यापीठालाही त्यांनी मोठे साहाय्य केले होते. १९१७ मध्ये ते वारले तेव्हा वान थो अवघे दोन वर्षांचे होते. वडिलांची आठवण मुलाला असणे शक्यच नव्हते. त्याच्या वाट्याला आली ती त्यांची संपत्ती आणि ती राखणारी आई. लिम चेंग किम या बाई विलक्षण धोरणी होत्या. पुढे मुलाच्या नावावर जमा झालेल्या पुष्कळ कर्तृत्वाचा पाया त्यांनी घातला, हे चरित्रकार बऱ्याचदा ओझरतेच सांगतात.

मुलाची प्रकृती नाजूक होती. क्वालालंपूरमधील शाळेनंतर, १९२९ मध्ये, त्याला स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा सरोवराच्या काठी शियोन कॉलेजात पाठवण्यात आले. सरोवराचा हा काठ म्हणजे आधुनिक हॉटेलविद्येचे माहेरघर. रिट्झ हे नाव ज्यांच्यामुळे ऐश्वर्याचा पर्याय बनले ते सेझार रिट्झ शेजारच्याच व्हाले प्रांतातील खेड्यात जन्मले होते. हॉटेल चालवण्याचे शास्त्र शिकवणारी लोझान येथील शाळा १८९३ पासून चालू होती. आणि माँत्रोच्या किनाऱ्यावर राजेरजवाडे, क्षयाने पिडलेले धनिक आणि लेखक महिनोन्महिने मुक्काम करणारी भव्य हॉटेले ओळीने उभी होती. या वातावरणात वाढणाऱ्या मुलाच्या मनात त्यातले नेमके काय रुजले याची नोंद नाही. एवढे मात्र दिसते की नाजूक म्हणून पाठवलेला हा मुलगा तेथे धडधाकट झाला, आणि १९३२ मध्ये व्हो प्रांताचे लांब उडीचे विजेतेपद त्याने मिळवले. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि इतिहास, त्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. व्यापाऱ्याच्या मुलाने काव्य आधी आणि अर्थशास्त्र नंतर शिकावे, हा क्रम त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता अगदी सार्थ वाटतो.

तो शिकत असतानाच, १९३५ मध्ये, आईने नातलगांच्या साथीने चित्रपटगृहांची कंपनी काढली. सिंगापूरला परतलेल्या वान थो यांच्या हाती या कंपनीतूनच पुढचा सारा पसारा आला. डोबी घाटाजवळ हँडी रोडच्या तोंडाशी ३ ऑक्टोबर १९३९ रोजी कॅथे चित्रपटगृह उघडले. हा डोबी घाट म्हणजे आपला धोबीघाटच. भारतीय धोबी पूर्वी तेथील ओढ्यावर कपडे धूत, त्यावरून ते नाव पडले. युरोपात महायुद्ध सुरू होऊन नुकताच महिना लोटला होता. सिंगापुरातील हे पहिले वातानुकूलित चित्रपटगृह, आणि ही गोष्ट साधी नव्हती. विषुववृत्ताच्या उंबरठ्यावरील शहरात तोवर ऐश्वर्य म्हणजे उंच छत, रुंद व्हरांडा, पंखा आणि बर्फ घातलेले पेय. तिकीट काढणाऱ्या कारकुनालाही दोन तास थंड हवेत आरामखुर्चीवर बसता यावे, ही कल्पना नवी होती. चित्रपटगृहामागे सदनिकांचा जो मनोरा पुढे पूर्ण झाला तो ८० मीटरांहून उंच होता, आणि त्या काळच्या आग्नेय आशियात त्याहून उंच इमारत नव्हती.

मग युद्धच सिंगापूरला आले. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी वान थो नोरा मोलर या जहाजातून बाहेर पडले. बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी त्यावर बाँब टाकले, जहाज पेटले आणि पुष्कळ माणसे मेली. ऑस्ट्रेलियाच्या होबार्ट या युद्धनौकेने वाचलेल्यांना उचलले. वान थो गंभीर भाजले होते आणि त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, रुग्णालयात उपचार झाले आणि तेथून ते भारतात पोहोचले. मलायातील अपार संपत्तीचा हा वारस सव्विसाव्या वर्षी मुंबईत दाखल झाला तो निर्वासित म्हणून.

या मुक्कामाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. मुंबईत सलीम अलींशी त्यांची गाठ पडली. सलीम अली तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले होते. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आदल्याच वर्षी, १९४१ मध्ये, निघाले होते. तीन वर्षांपूर्वी पत्नी तेहमिना निवर्तल्या होत्या आणि वांद्र्याला बहिणीच्या घरी राहून त्यांनी स्वतःला पक्षीनिरीक्षणात बुडवून घेतले होते. या दोघांचे सूत जमले. एकाकडे ज्ञान होते आणि पैसा नव्हता. दुसऱ्याचा पैसा शत्रूच्या हाती गेलेल्या शहरात अडकलेला होता, आणि ज्या डोळ्यांवरून काळोख नुकताच सरला होता त्या डोळ्यांना काही पाहायचे होते. कच्छच्या महारावांच्या आश्रयाने त्या काळात सलीम अली तेथील पक्ष्यांची पाहणी करीत होते. वान थो त्यांच्याबरोबर हिंडले आणि पक्ष्यांची छायाचित्रे काढू लागले.

पक्षीछायाचित्रण म्हणजे त्या काळी तपश्चर्याच. आजच्यासारखी लांब पल्ल्याची भिंगे नव्हती. घरट्यापासून काही फुटांवर कापडाचे लपण उभारायचे, तेही एकदम नव्हे. दररोज थोडे थोडे पुढे सरकवत न्यायचे, म्हणजे पक्षी बिचकून अंडी टाकून जात नाही. मग पहाटेच्या अंधारात आत शिरायचे, सोबतच्या माणसाने पक्ष्याला दिसेल असे निघून जायचे, आणि एका भोकाला डोळा लावून तासन् तास बसायचे. भर उन्हात त्या तंबूवजा खोक्यात माणूस अक्षरशः शिजून निघे. वातानुकूलित चित्रपटगृहाच्या मालकाने आपली हौस म्हणून हे निवडावे यात काव्यगत न्याय शोधण्याचे कारण नाही. लपणात बसल्यावर कोणी कोणाचा मालक राहत नाही आणि कोणी कोणाचा पाहुणाही नसतो. नुकतेच सर्वस्व गमावलेल्या तरुणाला तेवढे पुरेसे असावे.

इकडे मालक भारतात आश्रित असताना तिकडे त्यांच्या इमारतीत निराळेच पाहुणे उतरले होते. सिंगापूर पडले तेव्हा शरणागतीची खूण म्हणून जपान्यांनी आपला ध्वज कॅथेच्या मनोऱ्यावर फडकवायला लावला, कारण शहरात कोठूनही तो दिसे. पुढे तेथे जपान्यांचा प्रचार विभाग बसला. यासुजिरो ओझू हे जगद्विख्यात जपानी दिग्दर्शक युद्धपट काढण्यासाठी सिंगापूरला पाठवले गेले होते. त्यांनी चित्रपट काही काढला नाही, कॅथेत मात्र शत्रूचे जप्त केलेले अमेरिकी चित्रपट मनसोक्त पाहिले. आणि त्याच प्रेक्षागृहात ४ जुलै १९४३ रोजी रासबिहारी बोस यांनी भारतीय स्वातंत्र्य संघाची सूत्रे सुभाषचंद्रांच्या हाती दिली; २१ ऑक्टोबर रोजी तेथेच आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. त्या मंत्रिमंडळात सेनेचे प्रतिनिधी म्हणून सावंतवाडी भागातले जगन्नाथराव भोसले होते. जागेचा धनी भारतात परक्याच्या आसऱ्याला, आणि भारताचे परागंदा सरकार त्याच्या छपराखाली. कोणाही कादंबरीकाराने हा योग रचला असता तर तो ओढूनताणून आणलेला वाटला असता.

युद्ध संपल्यावर माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने इमारत ताब्यात घेतली. ती पुन्हा पुरती हाती यायला काही वर्षे गेली, आणि मग वान थो यांनी मनोऱ्यातील जागेचे रूपांतर हॉटेलात केले. १९५४ मध्ये कॅथे हॉटेल सुरू झाले.

त्या हॉटेलचे महत्त्व समजायला त्या वेळचे सिंगापूर डोळ्यांसमोर आणावे लागते. रॅफल्स १८८७ चे. आर्मेनियन सार्कीज बंधूंनी उभारलेले, लेखकांच्या मुक्कामाने प्रसिद्ध झालेले, आडवे पसरलेले, ताडांच्या सावलीतले. जपानी अमदानीत त्याचेही नाव बदलून स्योनान र्योकान झाले होते. युद्धानंतरही त्याचा बाज वसाहतीचाच राहिला. गोऱ्या साहेबाने व्हरांड्यात टेकून शहराकडे पाहावे, असा. कॅथे नेमके याच्या उलट होते. ते उभे होते, आधुनिक होते आणि आशियाई मालकीचे होते. खाली चित्रपटगृह, रेस्टॉरंट, दुकाने, पोहण्याचा तलाव. वर खोल्या, आणि खोलीच्या खिडकीतून बंदरात नांगरलेली जहाजे. हाँगकाँगची नटी, पेनांगचा व्यापारी, लंडनचा अधिकारी एकाच उद्वाहकातून वर जात. ऐश्वर्याचा उपभोग घेणाऱ्याच्या कातडीचा रंग येथे विचारला जात नसे, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील सिंगापुरात या गोष्टीला मोल होते.

हॉटेल चालायचे तर माणसे आली पाहिजेत, आणि माणसे यायची तर विमाने हवीत. १९५७ मध्ये वान थो मलायन एअरवेजचे अध्यक्ष झाले. दहा वर्षांपूर्वी कॅलांगवरून एका चिमुकल्या विमानाने सुरू झालेली ही कंपनी आता पाया लेबारवरून उडत होती. त्यांच्या कारकिर्दीत तिने मोठी विमाने घेतली, लांबचे मार्ग धरले, आणि साठच्या दशकारंभी भाड्याने घेतलेल्या कॉमेट जेटने हाँगकाँग काही तासांवर आणले. आज व्यवस्थापनाच्या वर्गांत ज्याला साखळी जोडणे म्हणतात ते त्यांनी पुस्तकाविना जोडले होते: विमान आपले, हॉटेल आपले, संध्याकाळी पाहायचा चित्रपटही आपला. कारण १९५६ पासून त्यांची हाँगकाँगमधील चित्रसंस्था मँडरिन चित्रपट काढू लागली होती, आणि सिंगापुरात हो आह लोक यांच्या भागीदारीतला कॅथे-केरिस स्टुडिओ मलय चित्रपट काढी. १९५७ चा ‘मॅम्बो गर्ल’ नाचतागाता शहरी चिनी समाज पडद्यावर आणून तुफान चालला. शॉ बंधूंशी त्यांची स्पर्धा दोन्ही आघाड्यांवर अटीतटीची होती. तिच्या कथा चित्रपटप्रेमींना ठाऊक आहेत. येथे त्यांत शिरायला नको.

त्याच १९५७ साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक निघाले, ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’. भारत, मलाया, न्यू गिनी अशा ठिकाणी पंधरा वर्षे काढलेल्या छायाचित्रांचे ते फळ होते. एकाच वर्षी विमान कंपनीचे अध्यक्षपद आणि हे पुस्तक, यावरून माणसाच्या दिवसाची वाटणी कशी असेल याची कल्पना येते. उद्योगाची सूत्रे सांभाळून ते पक्ष्यांसाठी दूरदूर जात. समुद्रगरुडासारखा पक्षी उंच झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधतो म्हणून त्या उंचीचा मनोरा उभारून वर लपण बांधत. पैशाचा असा विनियोग त्यांना सहज परवडत होता हे खरे. पण वर चढून बसायला भाड्याचा माणूस चालत नसे.

मुंबईचे ऋण त्यांनी विसरू दिले नाही. युद्धानंतर सलीम अलींच्या मोहिमांना आणि बाँबे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या पक्षीसंशोधनाला त्यांचे आर्थिक साहाय्य मिळत राहिले, आणि दोघे मित्र पुन्हा पुन्हा एकत्र हिंडले. सलीम अली काटकसरी म्हणून विख्यात होते. तंबूत जे मिळेल ते खावे, वेळेवर उठावे आणि कुरकुर करू नये, हा त्यांचा दंडक. स्वतःचे हॉटेल असलेल्या पाहुण्यालाही यातून सूट नव्हती, आणि पाहुण्याने ती मागितल्याचेही दिसत नाही. जगभरातील उत्तमोत्तम हॉटेलांचा अनुभव घेतलेल्या या माणसाची सर्वांत सुखाची वस्ती अशा शिबिरांतच झाली असावी, असे त्यांच्या पुस्तकाकडे पाहून वाटते. कारण त्यात ती आहेत, हॉटेले नाहीत.

व्यवसायापायी मात्र हॉटेलांचा मुक्काम चुकत नव्हता. आशियाई चित्रपट महोत्सव दरवर्षी नव्या शहरात भरे: टोकियो, मनिला, सोल. निर्माते, नट, वितरक एकाच हॉटेलात उतरत. दिवसा चित्रपट पाहत आणि रात्री सौदे करत. १९६४ मध्ये महोत्सवाची पाळी तैपेईची होती. वान थो आपल्या नवपरिणीत पत्नीसह आणि संस्थेतील सहकाऱ्यांसह तेथे गेले. १४ जूनला त्यांना एकोणपन्नासावे वर्ष पूर्ण झाले होते. चिनी कलावस्तूंचे ते संग्राहक होते आणि बीजिंगच्या राजवाड्यातून आणलेला अमोल कलासंग्रह तेव्हा तैपेईत नव्हे, तर ताइचुंगजवळच्या खेड्यात ठेवलेला होता. तैपेईतील नवे संग्रहालय उघडायला अजून एक वर्ष होते. तो संग्रह पाहण्यासाठी ते ताइचुंगला गेले. २० जून रोजी परतताना त्यांचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत शेतात कोसळले. विमानातील ५७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मृतांत वान थो, त्यांच्या पत्नी आणि त्यांच्या चित्रसंस्थेचे कित्येक प्रमुख अधिकारी होते.

संस्थेवर त्याचे परिणाम लगेच झाले. हाँगकाँगच्या चित्रनिर्मितीचा कणा मोडला, शॉ बंधू पुढे निघून गेले, आणि तेथील स्टुडिओ अखेर रेमंड चाऊ यांच्या गोल्डन हार्वेस्टकडे गेला. सिंगापुरातही काळ पालटत होता. पाया लेबारवर आता मोठी जेट विमाने शेकडो प्रवासी उतरवू लागली. ऑर्चर्ड रोडवर हिल्टन आणि मँडरिन, जवळच शांग्रिला, अशी शेकडो खोल्यांची नवी हॉटेले उभी राहिली. एका मनोऱ्यात बसवलेले कॅथे त्यांच्यापुढे लहान आणि जुने दिसू लागले, आणि १९७० च्या अखेरीस ते बंद झाले. विमान कंपनीचे १९७२ मध्ये विभाजन होऊन एक भाग सिंगापूर एअरलाइन्स झाला. जुना मनोरा पुढे पाडण्यात आला. चित्रपटगृहाचा दर्शनी भाग तेवढा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला गेला, आणि डोबी घाट स्थानकातून बाहेर पडणाऱ्याला तो आजही दिसतो. नेताजींच्या घोषणेची जागा म्हणून भारतीय तेथे थांबतात, ते योग्यच आहे.

मृत्यूच्या आदल्या वर्षी वान थो यांनी आपले पक्षीप्रेमी स्नेही गिब्सन-हिल यांचा ग्रंथसंग्रह त्यांच्या निधनानंतर विकत घेतला होता, तो फुटू नये म्हणून. १९६५ मध्ये त्यांच्या बहिणीने तो सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. मलायाच्या इतिहासाचे आणि निसर्गाचे अभ्यासक तो अजून वापरतात.

मुंबईत सलीम अली आणखी तेवीस वर्षे जगले. भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील त्यांच्या दहा खंडी ग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला, तेव्हा वान थो यांना जाऊन चार वर्षे झाली होती. १९८५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात या मित्राला स्वतंत्र जागा दिली. त्या वेळी कॅथे हॉटेल बंद होऊन पंधरा वर्षे लोटली होती, आणि पाया लेबारवरून प्रवासी विमाने उडणे थांबून चार.